सिड मीडचं शहर गणपतीच्या आराशीत: थर, जाळी आणि १२ व्होल्टचं गणित

खाडीपलीकडे

मंडळी नमस्कार. वेंगुर्ल्याच्या बाजूच्या वाडीतलं सार्वजनिक मंडळ, यंदाच्या आराशीचा विषय 'उद्याचं शहर'. पोरांनी मोबाइलवर नमुने म्हणून जी चित्रं आणली ती सगळी एका साच्यातली: जांभळं आकाश, निऑन पाट्या, उडत्या गाड्या, ओला रस्ता. उगम शोधायला गेलं की प्रत्येक वाट सिड मीड या अमेरिकी डिझायनर-चित्रकाराच्या नावापाशी येऊन थांबते.

जागा १० फूट रुंद, ६ फूट खोल, ८ फूट उंच. स्टेज ३ फुटी. मूर्ती शाडूची, अडीच फूट, खाली १ फुटी चौरंग. वर पत्रे, तीन बाजूंनी ताडपत्री. थर्मोकोल २०१८ पासून बंद, त्यामुळे पुठ्ठा, बांबू, कापड यांवरच भागवायचं आहे. भाद्रपदातली हवा वेगळी सांगायला नको.

विचारायचं दोनच: या माणसाच्या चित्रांत असं नेमकं काय आहे की चाळीस वर्षं सगळे तेच गिरवतायत? आणि ते पुठ्ठ्यात कसं उतरवायचं? नुसत्या चमचमाटाची माळ नको आहे.

---

पन्हळ

आधी एक गैरसमज काढू. ते जांभळं-निळं आकाश मीडचं नाही. ऐंशीच्या दशकाच्या आठवणीवर पुढे जी पोस्टरं आणि गेम्स निघाले, त्यांचा तो रंग आहे. मीडची सुरुवातीची चित्रं भर उन्हातली: चकचकीत पोलाद, स्वच्छ रस्ते, नटूनथटून समारंभाला निघालेली माणसं.

जन्म १९३३, मिनेसोटातलं सेंट पॉल. लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर या कलाशाळेतून १९५९ साली बाहेर पडला, दोनेक वर्षं फोर्डच्या प्रगत स्टायलिंग विभागात होता. मग युनायटेड स्टेट्स स्टील या पोलाद कंपनीसाठी भविष्यातल्या वाहनांची चित्रं काढली. त्या चित्रांनी डिझायनर मंडळींत त्याचं नाव झालं. १९७० मध्ये डेट्रॉइटला स्वतःची फर्म, फिलिप्ससारखी गिऱ्हाइकं, १९७५ ला कॅलिफोर्निया. सिनेमा त्यानंतरचा: १९७९ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटातलं व्ही'जर हे अजस्र यान, मग १९८२ मध्ये एकाच वर्षी 'ब्लेड रनर' आणि 'ट्रॉन' हे चित्रपट. डिसेंबर २०१९ मध्ये वारला.

आता मुद्द्याचं. 'ब्लेड रनर'साठी दिग्दर्शक रिडली स्कॉटने त्याला बोलावलं ते फक्त गाड्या काढायला. पण या माणसाची सवय अशी की गाडी कोऱ्या कागदावर कधी उभी करायची नाही. ती कुठल्या रस्त्यावर आहे, वरून कुठला दिवा पडतोय, शेजारून कोण चाललंय, मागची भिंत किती मळलेली आहे, हे सगळं रंगवूनच गाडी द्यायची. स्कॉटला गाडीमागचं शहरच आवडलं आणि काम वाढत गेलं. पार्किंग मीटरसुद्धा त्यानेच काढले. श्रेयनामावलीत त्याच्यासाठी 'व्हिज्युअल फ्यूचरिस्ट' असं नवंच पद आलं.

तुमच्या आराशीला लागू पडणारी गोष्ट हीच. उडती गाडी करण्यात आठ दिवस घालवलेत तर शोकेसमधलं खेळणं दिसेल. गाडीखालचा रस्ता केलात तर शहर दिसेल.

दुसरी त्याची कल्पना: भविष्यात कोणी जुन्या इमारती पाडत बसणार नाही, त्यांच्यावरच नवे पाइप, डक्ट, केबली चढवत जातील. आपल्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. चिऱ्याचं जुनं घर बघा: कौलांमध्ये मध्येच दोन सिमेंटचे पत्रे, पावसापुरती पुढे काढलेली पडवी, कोनवाशाला बांधलेली डिश, काळी टाकी, तिच्यातून उतरलेला पांढरा पाइप, मीटरच्या पेटीपासून खांबापर्यंत लोंबणारी वायर. तसंच घर पाच मजली करा आणि प्रत्येक मजल्यावर असली भर घाला. 'ब्लेड रनर'मधल्या लॉस एंजेलिसची नक्कल करण्यापेक्षा हे जास्त मीडसारखं होईल, आणि बघणाऱ्याला ओळखीचंही वाटेल.

एक दुरुस्ती मात्र ध्यानात असू द्या, नाहीतर माहितीफलकावर चुकीचं लिहाल. 'ब्लेड रनर' एकट्या मीडचा नाही. प्रॉडक्शन डिझाइन लॉरेन्स पॉलचं, छायालेखन जॉर्डन क्रोनेनवेथचं, मिनिएचर म्हणजे छोट्या प्रतिकृतींची इफेक्ट्स डग्लस ट्रंबुलच्या कंपनीची. फ्रेंच चित्रकथाकार मोबियसची छाप स्कॉटनेच मान्य केली आहे. मीडच्या स्पिनर, म्हणजे उडत्या गाड्या प्रत्यक्ष बांधल्या जीन विनफिल्डने. आणि रस्ता म्हणजे बरबँकच्या स्टुडिओतला जुना 'न्यूयॉर्क स्ट्रीट' सेट, ज्यावर हे सगळं पाइपकाम चढवलं. रात्र, पाऊस आणि धूर यांचं एक काम हेही होतं की सेटची कड कुठे संपते ते कळू नये. पुठ्ठ्याच्या कामाला याहून चांगला सल्ला नाही.

---

कटर_आणि_खळ

पन्हळ यांनी 'काय' ते सांगितलं, मी 'कसं' तेवढं घेतो.

स्टेज आधी खाली आणा. भजनाला खाली बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असते. ३ फुटी स्टेजवर तुम्ही कितीही सुंदर ओला रस्ता करा, बसलेल्याला स्टेजची कडच दिसणार. २ फूट ठेवा, आणि रस्त्याची फळी मागे चढती लावा: दर फुटाला १ इंच, म्हणजे ६ फुटांत मागची बाजू ६ इंच वर.

क्षितिजरेषा स्टेजपासून अडीच फुटांवर धरा. चौरंगासकट ती मूर्तीच्या छातीमागे येते. सगळ्या इमारतींच्या मागे जाणाऱ्या कडा, छपरांच्या रेषा त्या रेषेवरच्या एकाच बिंदूकडे धावल्या पाहिजेत. त्या बिंदूवर भिंतीत खिळा ठोकून सुतळी ताणा आणि प्रत्येक कटआउट त्या सुतळीखाली धरून आखा. नजरेच्या अंदाजाने आखलं तर डावी बाजू एका बिंदूकडे आणि उजवी दुसऱ्याकडे जाते. हे चुकलं की रंग कितीही चांगला असो, डोळा फसत नाही.

थर तीन. पुढचा ८ फूट उंच, दोन बाजूंनाच, मध्ये मूर्तीसाठी ५ फूट मोकळे. मधला ६ फूट. मागचा ४ ते साडेचार. दोन थरांत कमीत कमी सव्वा फूट अंतर, नाहीतर मध्ये दिवा आणि हात जात नाही. खरी खोली ६ फूट असली तरी खिडक्यांचं माप झपाट्याने उतरवा: पुढे ३ सें.मी., मध्ये दीड, मागे ६ मि.मी. मागच्या थराच्या खिडक्या कटरने कापत बसू नका. चामड्याला भोकं पाडायचा ६ मि.मी.चा पंच, खाली लाकडाचा ठोकळा, आणि हातोडी. दोन पोरं एका दुपारी हजारभर खिडक्या पाडतील. पाठीमागून बटर पेपर, आणि दर तीन खिडक्यांपैकी दोन काळ्या कागदाने बुजवा. सगळ्या खिडक्या पेटलेल्या असल्या की शहर न वाटता लग्नाचं रोषणाईचं गेट वाटतं.

पुठ्ठा. पाच पदरी. एकाच बाजूने कागद चिकटवला किंवा रंगवला तर वाळताना तो ती बाजू ओढतो आणि पुठ्ठ्याची होडी होते. म्हणून दोन्ही बाजूंना फेव्हिकॉल १ भाग आणि पाणी ३ भाग असा हात द्या, पंख्याखाली चोवीस तास उभा वाळवा. कापलेल्या कडेच्या नळ्या उघड्या ठेवल्या तर तिथूनच ओल शिरते आणि तिसऱ्या दिवशी खालचा वीतभर भाग मऊ होऊन बसतो. कडेवर वर्तमानपत्राची पट्टी खळीने डकवा. चिंचोक्याची खळ असेल तर उत्तम, पण त्यात मोरचूद चिमूटभर टाका, नाहीतर बुरशी आणि झुरळं दोन्ही. मोरचूद विषारी आहे, ती खळ पोरांच्या हाती द्यायची नाही.

सांगाडा माणग्याच्या (बांबूच्या) काठ्यांचा, सुतळीने बांधलेला. मास्किंग टेप आणि ग्लू गनवर काही टांगू नका. दमट हवेत टेप सुटतो आणि गोंद पुठ्ठ्याचा वरचा कागद घेऊन खाली येतो. पुठ्ठा काठीला सुतळीने शिवायचा, दर फुटावर एक टाका, आणि टाक्याखाली पुठ्ठ्याचाच छोटा तुकडा वॉशरसारखा.

रंग. मीड ग्वाशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात काम करायचा. आपला पोस्टर कलर त्याचाच भाऊ. वाळताना गडद छटा फिकट होतात आणि फिकट छटा गडद, त्यामुळे बादलीतल्या रंगावर विश्वास ठेवू नका, पट्टीवर वाळवून बघा. पुढच्या थराला शुद्ध काळा वापरायचा नाही: काळा आणि विटकरी. मधला थर करडा-निळा. मागचा जवळजवळ आकाशाच्याच छटेचा, तीळभर गडद. आधी मोठे गडद भाग, मग मधली छटा, आणि एकदम पांढरा शेवटी, तोही कडांवर दोन-तीन मि.मी.ची रेघ. पांढरा कमी तितका पोलादासारखा दिसतो. ओल्या हाताने रंग निघू नये म्हणून पाव लिटर रंगात एक चमचा फेव्हिकॉल. जास्त झाला तर चमक येते आणि दिव्यात ठिपके दिसतात.

---

खाडीपलीकडे

देव बरें करो. ३ फुटी स्टेजचं डोक्यातच आलं नव्हतं. आता ओला रस्ता कशाचा? काळं प्लास्टिक अंथरून पाहिलं, सुरकुत्या दिसतात. आणि धुराचं मशीन भाड्याने मिळतंय, घ्यावं का?

---

बारा_व्होल्ट

धुराचं मशीन नको. बंद ताडपत्रीत धूर दोन मिनिटांत माणसांपर्यंत येतो, दम्याचे पेशंट आणि लहान मुलं खोकत बाहेर जातात, त्याची वाफ स्टेजवर बसून चिकट थर होतो आणि त्यावर पाय घसरतो. धूर हवाय तो फक्त थरांच्या मध्ये, म्हणून जाळी लावा.

मच्छरदाणीचं कापड, करडं. दोन थरांमध्ये एकेक, ताणून. आता यातली मेख: जाळीवर समोरून उजेड पडला की ती पांढरी भिंत होते आणि मागचं काही दिसत नाही. जाळीमागे उजेड असला आणि जाळी अंधारात असली की ती नाहीशीच होते. आपल्याला दोन्हींच्या मधलं हवंय. म्हणून जाळीच्या पायथ्याशी, पुढच्या थराच्या आड लपवून, एलईडी पट्टी वरच्या दिशेला तोंड करून ठेवा, जाळीपासून ३ ते ४ इंचांवर. उजेड जाळीला घासून वर चढतो: खाली दाट, वर विरळ. पहाटे खाडीवर धुकं उभं असतं तसं.

रस्त्यासाठी काळा ग्लॉसी सनमायका, ८ बाय ४ ची एक शीट, फळीवर कडांना चिकटवून. कोरा ठेवलात तर आरशासारखं लख्ख प्रतिबिंब पडतं आणि तो हॉटेलचा काउंटर वाटतो. ओल्या डांबरावर दिव्याचं प्रतिबिंब बघणाऱ्याच्या दिशेने लांब ओघळतं. ते आणायला ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, हलक्या हाताने, डावीकडून उजवीकडे ओढा. मागून पुढे नाही. उजेडाची रेघ ओरखड्यांच्या काटकोनात लांबते, म्हणून आडवे ओरखडे केले की प्रतिबिंब उभं ओघळतं. मागून पुढे घासलंत तर उजेड आडवा पसरून रस्ता धुरकट दिसेल. आधी वीतभर तुकड्यावर मोबाइलचा टॉर्च धरून खात्री करा.

आता वीज. साधी ५०५० पट्टी, मीटरला ६० एलईडी, मीटरमागे १४.४ वॉट. ५ मीटरचे दोन रोल पुरतात: १० मीटर, १४४ वॉट, १२ व्होल्टला १२ अँपिअर. एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टचे १२ करणारा डबा, १५ अँपिअरचा घ्या. १० अँपिअरचा 'चालतो' म्हणून दुकानदार देईल, तो तासाभरात तापून लुकलुकायला लागतो. दोन रोल एकापुढे एक जोडू नका, दुसऱ्या रोलची शेपटी पिवळट आणि मंद होते. प्रत्येक रोलला स्वतंत्र १.५ चौरस मि.मी. वायर, एसएमपीएसपासून ३ मीटरच्या आत, आणि जमल्यास दोन्ही टोकांना वीज द्या.

किनाऱ्यावर बिघडतं ते हे: पट्टी कापलेल्या जागी तांब्याचे ठिपके उघडे राहतात, खारट हवेत दोन-तीन दिवसांत हिरवे पडतात आणि पुढची पट्टी बंद. कापलं की लगेच सोल्डर, वर सिलिकॉन सीलंट. क्लिपवाले जोड वापरू नका. एसएमपीएस जमिनीपासून दोन फूट वर, उभा. पाऊस लागेल म्हणून त्यावर पिशवी घातली तर तो उकडून मरतो. त्यापेक्षा वर पत्र्याचा तुकडा तिरका ठोका. पाली आणि पावसाळी किडे आत जाऊ नयेत म्हणून बाजूने बारीक जाळीची पेटी. २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) हवाच, ओल्या मांडवात त्यात कसलीही सवलत नाही.

लाइट जाणारच. पट्टी १२ व्होल्टची असल्यामुळे इन्व्हर्टरची गरज नाही, गाडीची ३५ अँपिअर-तासाची बॅटरी थेट चालते. एकच रोल चालू ठेवला तर ६ अँपिअर, म्हणजे बॅटरी अर्ध्यावर येईपर्यंत अडीच-तीन तास. बॅटरीच्या धन टोकालगत १० अँपिअरचा फ्यूज. चार्जर लावलेला असताना पट्टी त्याच बॅटरीवर चालवू नका. तेव्हा व्होल्टेज १४ च्या वर जातं आणि पट्टी तापते.

मूर्तीवरचा दिवा मात्र वेगळा, पिवळसर, ३००० केल्विनचा. शहर थंड रंगात आणि मूर्ती उबदार. निळ्या पट्टीचा उजेड शाडूच्या मूर्तीच्या चेहऱ्यावर पडला तर रंग मेलेला दिसतो.

आणि आरतीचं तबक, कापूर, समई यांपासून जाळी किमान ३ फूट लांब. मच्छरदाणीचं कापड वितळून थेंब पडतात. मागचा पडदा मांजरपाटाचा असेल तर १ लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम टाकणखार आणि ४५ ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून त्यात बुचकळून वाळवा, रंगवायच्या आधी. सुती कापड आणि कागदावर हे काम करतं, सिंथेटिकवर नाही. त्यावर पाणी पडलं की धुऊन जातं, तेवढं ध्यानात ठेवा.

---

तिरफळ

तांत्रिक बाजू वरच्यांनी चोख सांगितली आहे. चाळीस वर्षं का टिकलं, त्या प्रश्नाला अजून एक कोन जोडते.

मीड मुळात उद्योगासाठी काम करणारा. वस्तू कशी बनेल, कोण वापरेल, कुठल्या मर्यादेत बसेल याचा विचार आधी. 'ट्रॉन'मधल्या लाइट सायकल या मोटारसायकलवर आधी स्वार उघडा दिसणार होता. तेव्हाच्या संगणकांना तशी आकृती झेपेना, म्हणून त्याला कवचात बंद केलं. जी आकृती आज खेळण्यांत आणि गेम्समध्ये दिसते ती अर्धी त्या अडचणीतून आली. 'एलियन्स' चित्रपटातलं सुलाको हे अंतराळजहाज आधी गोलाकार होतं. पडद्याच्या आडव्या चौकटीत आणि कॅमेऱ्याच्या फोकसमध्ये ते नीट बसत नव्हतं, म्हणून लांबट केलं. १९८६ च्या 'शॉर्ट सर्किट'मधला जॉनी फाइव्ह हा रोबो त्याचाच. जपानमध्ये १९९९ साली 'टर्न ए गुंडम' या अ‍ॅनिमेशन मालिकेसाठी त्याने यंत्रमानवाच्या कपाळावरचं नेहमीचं शिंग काढून तोंडावर मिशीसारखं बसवलं. तेव्हा चाहते खवळले होते, आता त्याच मिशीचं कौतुक होतं. २०१७ मध्ये 'ब्लेड रनर'चा पुढचा भाग आला, त्यातल्या ओसाड लास व्हेगासची कल्पनाचित्रंही त्याचीच.

म्हणजे टिकलं ते चमकदार दिसलं म्हणून नाही. गाडीचं दार कुठे उघडतं, चाक कशात बसतं, हे त्याच्या चित्रात कळतं. पुढच्या माणसाला ते उचलून बांधता येतं. निऑन नुसतं पाहून नक्कल करणाऱ्यांचं चित्र म्हणूनच पोकळ वाटतं: पाटी कशाला टांगली आहे, तिची वायर कुठून आली, काहीच कळत नाही.

माझं मत विचाराल तर रात्र सोडा आणि तिन्हीसांज घ्या. मागचा थर खाली फिकट केशरी आणि वर करडा-निळा, खिडक्या नुकत्या पेटलेल्या. रात्रीच्या देखाव्यात जाळी, थर, रंग यांची सगळी मेहनत काळोखात जाते, आणि दुपारी दर्शनाला येणाऱ्यांना नुसता काळा पुठ्ठा दिसतो. ताडपत्रीतून दिवसा उजेड येतोच.

---

कटर_आणि_खळ

तिरफळताईंशी सहमत. फक्त केशरी भाग क्षितिजरेषेच्या वर एक फुटापर्यंतच ठेवा. त्यापेक्षा वर नेला तर मूर्तीमागे आग लागल्यासारखं दिसतं.

---

खाडीपलीकडे

तिन्हीसांज पक्की. शेवटचा प्रश्न: पोरांचा हट्ट आहे, एक तरी गाडी पाहिजेच. किती मोठी आणि कुठे?

---

पन्हळ

एकच, आणि उडती नको. दोरा दिसतो, आणि पंख्याच्या वाऱ्यावर ती डुलते. मधल्या थरापाशी, रस्त्याच्या डाव्या कडेला उभी केलेली, १४ ते १६ इंच लांब. याहून मोठी झाली तर मागच्या इमारती लगेच खेळण्यातल्या वाटतील. दार अर्धवट उघडं, आतून पिवळा दिवा, आणि दारापाशी साडी नेसलेली, हातात पिशवी असलेली बाई, गाडीच्या मापाला ५ इंचांची. माणूस शेजारी उभा असल्याशिवाय गाडी केवढी ते कळत नाही. गाडीचं अंग दोन पदरी पुठ्ठ्याचं, वर घासलेला फेव्हिकॉल-खडूचा लेप, चाकं मात्र लाकडी कातकामवाल्याकडून गोल करून घ्या. पुठ्ठ्याचं चाक दहा दिवसांत अंडाकृती होतं.